एक पीळ शिल्लक

घड्याळ दुरुस्त करणारा माणूस डोळ्याला भिंग लावतो, ते हात न लावता जागेवर राहतं. वरून भुवई आणि खालून गालाचं हाड, दोघं मिळून ते धरून ठेवतात. या गोष्टीतल्या घड्याळजींना भुवई होती, पण गालाचं हाड द्यायला देव विसरला होता. म्हणून त्यांच्या भिंगाला काळ्या इलॅस्टिकचा पट्टा शिवलेला असे आणि तो डोक्यामागून अडकवावा लागे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, काहीतरी खास बनावटीचं भिंग दिसतंय. घड्याळजी त्याला तसं वाटू देत.

चेहरा असा होता की पाहणारा आधी पाहायचा, मग ओशाळून दुसरीकडे पाहायचा आणि मग चोरून पुन्हा पाहायचा. डोळे खोबणीतून पुढे आलेले, त्यांच्याखाली गाल असा नाहीच, वरचा जबडा आत राहिलेला आणि खालचा मात्र ऐटीत पुढे. लहानपणी पोरं 'बेडक्या' म्हणायची. पोरांचं एक बरं असतं, ती तोंडावर म्हणतात. मोठी माणसं हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि घरी गेल्यावर बायकोला सांगतात.

बायको त्यांना दुकानातच भेटली. वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली होती. ते नीट चालायला लागल्यावरही काही ना काही कुरबूर घेऊन येत राहिली. शेवटी घड्याळजी वैतागून म्हणाले, "बाई, या घड्याळात आता काही बिघाड नाही." तर ती म्हणाली, "मग तुम्हाला एवढंही कळत नाही का मी कशाला येते?" अशी ती बाई.

पुढे मुलगी झाली. बापाचा चेहरा तिने जसाच्या तसा उतरवून घेतला होता. नर्स "अगदी बापाची..." म्हणाली आणि पुढचा शब्द तिने गिळला. घड्याळजींनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. पोरीच्या उशाशी बसून ते रडले. आपण हिला काय देऊन बसलो, म्हणून रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात एक चोरटा आनंदही होता. जगात आपल्यासारखं आता आणखी कुणीतरी आहे, याचा. ही गोष्ट ते कधी कुणाला बोलले नाहीत, बायकोलासुद्धा नाही.

मुलीला सगळे बबडी म्हणत. ती मोठी झाली तरी बबडीच राहिली.

आडवं झालं की बापलेकीचा श्वास कोंडायचा. नाकाची वाट अरुंद, टाळू मागे सरकलेली. पाठ टेकली की घशात दार लागल्यासारखं व्हायचं. म्हणून घरात बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून दोन आरामखुर्च्या होत्या, एक त्यांची आणि एक बबडीची. आई आत पलंगावर झोपायची आणि ही दोघं खुर्च्यांवर, गळ्यापर्यंत चादर ओढून. "राजा-राणी झोपतानासुद्धा सिंहासन सोडत नाहीत," असं घड्याळजी सांगायचे आणि लहानपणी बबडीला ते खरं वाटायचं. दिवा मालवला की खुर्च्यांवरून गप्पा चालायच्या. आज कोण टक लावून बघत होतं, कोण बघत नव्हतं, कुणी मुद्दाम न बघण्याची मेहनत घेतली. बाकीच्या जगाला जे समजावून सांगावं लागतं, ते त्या दोन खुर्च्यांवर सांगावं लागत नसे. आणि बोलणं संपलं की एकमेकांच्या श्वासाची घरघर ऐकत दोघं झोपी जात.

शाळा संपल्यावर बबडी दुकानात बसायला लागली. पट्टे बदलायची, सेल घालायची. स्टूल मात्र तिने असं ठेवलं होतं की रस्त्याकडे पाठ यावी. गिऱ्हाइकाशी बोलताना ती हातातल्या घड्याळाकडेच बघायची. चष्मा सारखा घसरायचा, कारण त्याला टेकायला खाली काही नव्हतं. बापाने त्याच्या काड्यांनाही इलॅस्टिक लावून दिलं होतं.

मग तिचा डोळा लाल झाला आणि लाली उतरेचना, म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे. ती तिसरी म्हणजे सर्जनबाई. चेहऱ्याच्या हाडांची ऑपरेशनं करणारी. तिने बबडीला एक रात्र तारा लावून इस्पितळात झोपवलं आणि सकाळी तिघांना समोर बसवून सांगितलं, की झोपेत हिचा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, हृदयावर ताण येतोय आणि झोपेत पापण्या पूर्ण मिटत नाहीत म्हणून बुबुळ सुकतंय.

"मलाही तसंच आहे," घड्याळजी म्हणाले. "मी नाही का जगलो?"

"जगलात," सर्जनबाई म्हणाली. "पण सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलंय कधी?"

घड्याळजी विचारात पडले. सगळीच माणसं सकाळी थकून उठतात, अशी त्यांची आजवरची समजूत होती.

सर्जनबाईने दोन्ही हातांचे तळवे एकमेकांना चिकटवून दाखवलं. गालाची हाडं आणि वरचा जबडा वाढलेच नाहीत. ते कापून सुटे करायचे, पण एकदम पुढे ओढायचे नाहीत, मांस आणि कातडी ताणत नाही तेवढी. दोन्ही बाजूंना आत एकेक स्क्रू बसवायचा. त्याची कांडी कानाच्या वर, केसांतून बाहेर राहील. घरी रोज सकाळ-संध्याकाळ तिला चावी लावून एक फेरा फिरवायचा, की हाड एक केसभर पुढे सरकतं आणि मागच्या फटीत नवीन हाड धरत जातं. तिने तळवे हळूहळू लांब केले. "पण फेरा पूर्ण झाला पाहिजे. कमी पडत गेला तर फट आधीच भरते, हाड पक्कं होतं आणि स्क्रू हलत नाही. मग काही करता येत नाही."

"माणूस शोधायला नको तुम्हाला," आई म्हणाली. "यांचा जन्म चाव्या देण्यात गेलाय."

सर्जनबाई हसली. "मग तर मी निश्चिंत झाले."

"तुमचंही करता येईल, घड्याळजी," सगळे निघायला उठले तशी ती म्हणाली.

"माझं घड्याळ जुनं झालं, बाई. आता डबी बदलून काय करायचंय?"

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी लेकीला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," बबडी म्हणाली. "पण बाबा, मला एकदा पाठीवर झोपायचंय. छताकडे बघत."

ऑपरेशन झालं. पोरीचं तोंड असं सुजलं की आईने तिला बघितलं आणि तिथेच खाली बसली. आठवडाभराने सूज उतरायला लागली, बबडी घरी आली आणि चावी घड्याळजींच्या हातात आली. छोटीशीच चावी. तिच्या मुठीवर एक पांढरा ठिपका होता. ठिपका जिथून निघाला तिथे परत आला की फेरा पूर्ण. नर्सने करून दाखवलं, तेव्हा घड्याळजी मान हलवत होते. आपल्याला कुणी चावी द्यायला शिकवतंय, याचंच त्यांना हसू येत होतं.

आईला ते बघवत नसे. वेळ झाली की ती शेजारणीकडे निघून जायची. बबडी आपल्या खुर्चीवर बसून डोळे घट्ट मिटायची. घड्याळजी मागे उभे राहून केस बाजूला करत, एकेका कांडीला चावी लावत आणि फिरवत. सुरुवातीला सहज फिरायची, मग जड व्हायची. जड झाली की बबडीच्या घशातून एक बारीक आवाज यायचा आणि हात थांबायचा.

हा हात कुणाचा होता, ते सांगायला हवं. घड्याळजी पोरसवदा असताना ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकले, त्याने त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती हीच. चावी कधी शेवटपर्यंत नेऊ नये. हाताला जड लागलं की थांबावं, एक पीळ शिल्लक ठेवावा आणि चावी केसभर मागे सोडून काढावी. स्प्रिंगचं आयुष्य वाढतं. कुणी एक पीळ जास्त दिला की म्हातारा पट्टीने बोटांवर मारायचा. ती पट्टी मोडून जमाना झाला, पण बोटं अजून तिला भीत होती. जित्याची खोड म्हणतात ती ही. घड्याळजी कुठलीही चावी बघून देत नसत, बोटांनी देत.

पहिल्या तपासणीला सर्जनबाईने एक्स-रे उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "थोडं मागे आहे. ठिपका पूर्ण फिरून येतो ना?"

"बाई, आयुष्य गेलं चाव्या देण्यात," घड्याळजी म्हणाले. ते जरा दुखावलेच होते.

"तसं नाही हो. सगळ्यांना विचारावंच लागतं," ती घाईने म्हणाली आणि तो विषय तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी दिवा जवळ ओढला आणि ठिपक्याकडे बघत चावी फिरवली. हात थांबला. ठिपका अजून बराच अलीकडे होता. आपण रोज पोरीच्या वाटणीचं कापून ठेवतोय, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी दात आवळले आणि चावी पुढे रेटली. बबडी कण्हली, पण ठिपका जागेवर आला. त्यानंतर ते रोज ठिपका बघून फिरवायला लागले आणि चेहरा खरोखरच हलला. डोळ्यांखाली सावली पडायला लागली. वरचा ओठ बाहेर यायला निघाला. बबडी चमच्याच्या पाठीत तोंड बघायची, खिडकीच्या काचेत बघायची. एका सकाळी ती आईला म्हणाली, "आई, नाकाने श्वास येतोय गं. थंड लागतोय आत." आईने पदर डोळ्यांना लावला.

बरं वाटायला लागल्यावर बबडी थोडा वेळ दुकानात यायला लागली, कांड्यांवरून रुमाल बांधून. आणि स्टूल तिने रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. एके दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. बऱ्याच महिन्यांनी आलेला माणूस. त्याने बबडीकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं आणि विचारलं, "काय घड्याळजी, नवीन मुलगी ठेवली का कामाला?"

घड्याळजी काही बोलायच्या आत बबडी म्हणाली, "हो. कालपासून आले. मालक फार कडक आहेत हो."

माणूस हसला, बबडी हसली, घड्याळजीही हसले. चेष्टाच होती ती. गिऱ्हाईक गेल्यावर बबडी टाळी वाजवून म्हणाली, "बाबा, त्याने ओळखलं नाही! मला ओळखलंच नाही!" एवढी आनंदात त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती. ते "हो ना," म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावून एक घड्याळ उघडून बसले. पण त्यांना आत काही दिसेना. आपली मुलगी आपल्या शेजारी बसली होती आणि तिला आपली म्हणून ओळखणारी खूण पुसली जात होती, रोज दोनदा, आपल्याच हाताने. याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या वाईट वाटण्याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी चावी जड झाली, बबडी कण्हली आणि हात थांबला. ठिपका अलीकडेच होता. दिवा जवळ होता, ठिपका दिसत होता. घड्याळजींनी चावी केसभर मागे सोडली आणि काढून घेतली.

"झालं?" बबडीने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि नंतरही तेच होत राहिलं. उद्या भरून काढू, असं ते रोज मनाशी म्हणत. मग एका सकाळी चावी लावली तर ती जराही फिरेना. जोर लावला तर बबडी किंचाळली. धावत इस्पितळ गाठलं. सर्जनबाईने नवा एक्स-रे पाहिला, जुना पाहिला आणि खुर्चीत मागे टेकली. हाड पक्कं झालं होतं, निम्म्या वाटेवर.

"होतं असं कधी कधी," ती म्हणाली. "काहींचं हाड फार लवकर धरतं. कोणाची चूक नाही."

घड्याळजींनी खाली मान घातली. बोलायचं होतं तर हीच वेळ होती आणि ती गेली.

चेहरा निम्म्या वाटेवर थांबतो म्हणजे काय, ते घरात राहिलेल्यालाच कळतं. आधी निदान दातांना एकमेकांची सवय होती, आता घास चावला जाईना. पाठीवर झोपून बघितलं तर दार पुन्हा लागायचं. आरशात जी दिसायची ती ना बापासारखी होती ना कुणासारखी. बबडी पुन्हा खुर्चीवर आली, स्टूल पुन्हा भिंतीकडे वळलं. सर्जनबाई म्हणाली होती, सगळं भरून आल्यावर पुन्हा कापता येईल, पुन्हा पुढे आणता येईल. बबडीने ऐकूनच घेतलं नाही.

"आई, कशाला पुन्हा ते हाल? माझी हाडंच हट्टी आहेत. बाबांची आहेत ना," ती म्हणायची. "दहा वेळा कापली तरी दहा वेळा धरतील."

आई घड्याळजींकडे बघायची, की अहो, तुम्ही तरी समजवा. ते पाणी प्यायला उठायचे. पोरीने पुन्हा हो म्हणावं असं एकच वाक्य जगात होतं आणि ते फक्त त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी ते ठरवायचे की आज सांगायचं. रोज दिवा मालवल्यावर शेजारच्या खुर्चीवरून घरघर ऐकू यायची आणि या दोन खुर्च्यांपैकी एक उद्या रिकामी होईल, या भीतीने ते चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे.

शेवटी ते सांगितलं हातानेच. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. एक जुनं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त होऊन टेबलावर पडलं होतं. बबडी म्हणाली, "मी देते चावी." चाव्यांचं काम बाप कुणाला करू देत नसे, पण त्या दिवशी त्यांनी दिलं.

"हळू. घाई नको," ते म्हणाले. "फिरव... फिरव... हां, जड लागलं ना? बस्स. शेवटचा पीळ ठेव."

"का?"

"का म्हणजे? स्प्रिंगवर ताण येतो. आणि काढायच्या आधी केसभर मागे सोड. अशी." आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. बोटं थांबली आणि केसभर मागे आली.

बबडी हलली नाही. तो हात तिच्या ओळखीचा होता. ती डोळे मिटून बसायची तेव्हा तिला काही दिसत नसे, पण कानाच्या वर, हाडाच्या आत, तिला हेच जाणवायचं. फिरायचं, जड व्हायचं, थांबायचं आणि केसभर मागे यायचं. तिला वाटायचं, ते तसंच असतं.

"बाबा," तिने विचारलं, "माझ्यातही शिल्लक ठेवायचात?"

दुकानातली सगळी घड्याळं चालू होती. घड्याळजींनी भिंग काढलं, पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला.

"हो," ते म्हणाले. "आधी कळलंच नाही, हाताची सवय होती. मग कळलं."

"कळल्यावर पूर्ण फिरवलंत?"

"फिरवलं की. मग तो माणूस आला होता ना, नवीन मुलगी ठेवली का म्हणाला तो... त्या दिवसापासून पुन्हा."

"मुद्दाम?"

"माहीत नाही गं. हात थांबायचा आणि मी त्याला थांबू द्यायचो. यातलं हाताचं किती आणि माझं किती, खरंच मला सांगता येत नाही."

बबडीचा आवाज फुटला. "मला वाटलं माझी हाडंच वाईट आहेत. मी आरशासमोर उभी राहून शिव्या दिल्यात त्यांना, बाबा. रोज."

ती उठली आणि रुमाल न बांधताच रस्त्याने घरी गेली. घड्याळजी तिच्यामागे गेले नाहीत.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बबडीने आपली खुर्ची ओढत आतल्या खोलीत, आईच्या पलंगापलीकडे नेली होती. भिंतीवर जिथे खुर्चीची पाठ टेकायची तिथे रंग घासून गेल्याचा पट्टा दिसत होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आपलेच दात नि आपलेच ओठ," ती म्हणाली. "कुणाला काय बोलू मी?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण एक विचारते. तुमच्यासारखं कुणीतरी असण्याची एवढी गरज होती तुम्हाला. मग तुमच्यासारखी नसून मी जी इतकी वर्षं राहिले, ते कुठे धरलंत तुम्ही?"

आपण दोघींचेही गुन्हेगार आहोत, हे त्यांना त्या दारात उभं राहून समजलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि कुणी त्यांना जेवा म्हटलंही नाही.

बबडीने दुसरं ऑपरेशन करून घेतलं. सर्जनबाईला ती एवढंच म्हणाली, "या वेळी चावी मी स्वतः फिरवणार, आरशात बघून." सर्जनबाईने घड्याळजींकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली. तिने बबडीच्या कागदावर तसं लिहून घेतलं.

पुन्हा सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. दार लोटून बबडी आत आरशासमोर बसायची, आई दोन्ही हातांनी आरसा धरायची. जिला पहिल्या वेळी बघवत नव्हतं, ती आता आरसा हलू देत नव्हती. घड्याळजी बाहेर आपल्या खुर्चीवर बसून ऐकायचे. आतून बारीक आवाज आला की त्यांची बोटं गुडघ्यावर तिच्याबरोबर फिरायची आणि दर वेळी तिच्या आधी थांबायची. ती पुढे जायची. कण्हायची आणि पुढे जायची. आपली पोर आपल्यापेक्षा धीराची आहे, याचा त्यांना अभिमान वाटायचा, आणि हा अभिमान सांगायला कुणी उरलेलं नव्हतं.

बबडी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला या. दुकानाची किल्ली कुठे आहे. दुकानात रेंगाळण्याचा घड्याळजींना आता कंटाळा येऊ लागला होता, पण घरी जायचीही हिंमत होत नसे. मधे कधीतरी ती ताट ठेवायला वाकली आणि दिव्याचा उजेड तिच्या गालावर पडला. गाल होता तिथे. घड्याळजी घास हातात धरून बघत राहिले.

मग सर्जनबाईने सांगितलं की बस, आता एकच फेरा, की संपलं. त्या संध्याकाळी बबडी बाहेरच्या खोलीत आली. आतून तिने आपली खुर्ची ओढत आणली आणि बापाच्या खुर्चीसमोर ठेवली. शेजारी नाही, समोर. तिच्या हातात चावी होती.

"एका बाजूचा मी फिरवलाय. दुसऱ्या बाजूचा तुम्ही फिरवायचा," ती म्हणाली.

घड्याळजींनी हात मागे घेतले.

"मी माफ केलंय असं समजू नका. ते मला जमेल की नाही तेही माहीत नाही. पण काम तुम्ही हातात घेतलं होतं. आपलं अर्धवट काम दुसऱ्याकडून पुरं करून घेऊ नये, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत असता ना?"

"माझ्या हाताचा भरवसा नाही गं, बबडे."

"म्हणून तर मी डोळे उघडे ठेवून बसणार आहे."

त्यांनी वाकून केस बाजूला केले आणि चावी लावली. या वेळी ते मागे उभे नव्हते, तिचा चेहरा वितीवर होता. त्यात त्यांनी आपलं काही सापडतं का ते शोधलं. डोळे खोबणीत नीट बसले होते, ओठावर ओठ आला होता. चावी फिरली, मग जड झाली. बबडीच्या घशातून आवाज आला आणि हात थांबला.

"अजून," बबडी म्हणाली.

त्यांनी थोडं रेटलं.

"अजून, बाबा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घड्याळजींचं पाणी आयुष्यभर डोळ्यांतून सरळ खाली पडत आलं होतं, वाटेत अडायला काही नव्हतंच. तिचं पाणी पापणीवरून गालाच्या हाडावर आलं, तिथे थोडं थांबलं आणि मग बाजूने उतरलं. ते बघत त्यांनी चावी फिरवली. ठिपका जागेवर आला. हात केसभर मागे यायला निघाला तसा त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं आणि चावी सरळ बाहेर काढली.

"झालं?"

"झालं."

"शिल्लक?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "काहीच नाही."

तिने त्यांच्या हातातून चावी घेतली, डोळे पुसले आणि आत गेली. आईने पलंगावर चादर घातली होती. उशी काढून घे म्हणाली बबडी आईला. मग पलंग करकरला आणि बराच वेळ काही ऐकू आलं नाही. घरघर नाही, काही नाही. घड्याळजी कान देऊन बसले. इतकी शांतता त्यांनी तिच्या बाजूने कधी ऐकली नव्हती आणि ते घाबरून उठणार, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती आपणहून त्यांच्याशी बोलली.

"बाबा, इथे छताला एवढी मोठी भेग आहे. इतकी वर्षं तुम्ही सांगितलं नाहीत?"

घड्याळजींनी वर बघायला मान मागे टाकली, तर श्वास कोंडला. त्यांनी मान पुन्हा सरळ केली.

"मला कुठं माहीत?" ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले. "मी कधी पाहिलंय?"